‘उजेड कळते ना त्याले!’ मग सहा आठवड्यांची घाई कशासाठी? बाळाची नजर आणि मेंदूतल्या पेशींची वाढ

सीएचओ_दारव्हा (प्रश्न)

नमस्कार. पुढच्या महिन्यात पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आशाताई आणि अंगणवाडीसेविकांचं प्रशिक्षण आहे. जन्मजात मोतीबिंदू हा त्यातला एक विषय. ‘बाहुलीत पांढरं दिसलं की लगेच पाठवा’ हे सगळ्यांना पाठ आहे. अडतं ते त्यापुढे. घरचे हमखास तीन गोष्टी बोलतात:

‘लेकरू उजेडाकडे मान वळवते, म्हणजे दिसते त्याले.’

‘आजीचा मोतीबिंदू चार-पाच वर्षं तसाच होता, काढल्यावर चांगलं दिसलं. याचाही काढू, वेचणी आटपू द्या.’

‘एवढ्याशा जिवाले भूल देता का? थोडं अंगात भरू द्या.’

यातलं एकही बोलणं अडाणीपणाचं नाही. आजीचं उदाहरण तर अगदी खरं आहे. त्यामुळे ‘डॉक्टर सांगतात म्हणून’ एवढ्या उत्तरावर कोणी बाळाला घेऊन जिल्ह्याला निघत नाही. कारण नीट सांगता यायला हवं. म्हणून विचारतो: डोळ्यातून संदेश आले नाहीत तर मेंदूतली पेशी प्रत्यक्षात वेगळी वाढते का, की नुसतं शिकायचं राहून जातं? उजेड आत पोचतोय, मग कमी काय पडतं? सहा आठवड्यांच्या आत ऑपरेशन व्हावं म्हणतात, हा आकडा कशावरून? आणि ऑपरेशन झाल्यावर गावात काय बिघडतं? पुस्तकी भाषेत लिहिलंत तरी चालेल, सोपं मी करून घेईन.

मज्जाशास्त्र_नागपूर

पेशी प्रत्यक्षातच वेगळी वाढते. फांद्या कमी येतात, आलेल्या मागे जातात आणि पेशीचं अंगही लहान राहतं. टॉर्स्टन व्हिझेल आणि डेव्हिड ह्यूबेल यांनी १९६३ मध्ये मांजरीच्या पिल्लांची एका डोळ्याची पापणी शिवून ठेवली. काही आठवड्यांनी उघडून पाहिलं तर डोळा ठणठणीत होता, पण कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) दृष्टिभागातल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला दादच देत नव्हत्या. थॅलॅमसमधल्या (डोळ्याकडून कॉर्टेक्सकडे जातानाचं मेंदूतलं मधलं ठाणं) ज्या थरांत त्या डोळ्याचे तंतू पोचतात, तिथल्या पेशी आकाराने लहान राहिल्या होत्या. मोठ्या मांजरांत हाच प्रयोग केला तर असं काही झालं नाही. आजी आणि नातवातला फरक हाच. आजीच्या मेंदूतली जोडणी तिच्या लहानपणीच पक्की झाली, मोतीबिंदूने फक्त समोर पडदा टाकला. नातवाची जोडणी अजून व्हायची आहे. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं.

उजेडाबद्दल. त्याच दोघांनी काही पिल्लांना पापणी न शिवता दुधी, अर्धपारदर्शक आवरण लावलं होतं. उजेड आत जात होता, आकृती जात नव्हती. कॉर्टेक्समध्ये परिणाम जवळजवळ तोच झाला. कॉर्टेक्सच्या पेशींना कडा हव्या असतात: इथे उजेड संपला, इथे अंधार सुरू झाला. आईच्या कपाळाची आणि केसांची सीमा ही बाळाची पहिली ठळक कड. दाट मोतीबिंदूतून सगळीकडे सारखा दुधी उजेड पसरतो, मग डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या (रेटिनाच्या) शेजारच्या दोन पेशींना वेगवेगळं सांगायला काही उरत नाही. बाहुली आकसण्याचं काम मध्यमेंदू करतो आणि त्याला नुसता उजेड पुरतो. म्हणून ‘उजेड कळते’ हे खरंच असतं, पण त्यावरून कॉर्टेक्सबद्दल काहीच कळत नाही.

आता पेशीच्या आत काय घडतं ते जरा सविस्तर लिहितो, कारण घाईचं कारण तिथेच आहे.

सुरुवात जनुकांच्या हातात असते. कोणती पेशी कोणत्या थरात जाईल, तिचा अक्षतंतू (संदेश पुढे नेणारी लांब तार) साधारण कुठल्या दिशेने वाढेल, हे संदेशांविना ठरतं. २००० मध्ये असे उंदीर तयार केले गेले की ज्यांच्या चेतापेशींतून रासायनिक संदेश सुटूच शकत नव्हता. तरी जन्मापर्यंत त्यांच्या मेंदूचे थर आणि मुख्य जोडण्या झालेल्या होत्या. मात्र पुढे पेशी मरू लागल्या. म्हणजे ढाचा उभा राहायला संदेशांची ये-जा लागत नाही, तो टिकायला आणि त्यात बारकावे यायला लागते.

ही ये-जा डोळे उघडण्याआधीच सुरू होते. १९९१ मध्ये मांजर आणि फेरेट (मुंगसासारखा छोटा प्राणी) यांच्या कोवळ्या पडद्यावर विजेच्या लाटा नोंदवल्या गेल्या. शेजारच्या पेशी एकापाठोपाठ एक पेटत जातात, साधारण मिनिट-दोन मिनिटं शांतता, मग पुन्हा लाट. दोन डोळ्यांच्या लाटा एका वेळी येत नाहीत, आणि तेवढ्यावरून थॅलॅमसला ‘हे उजव्याचे तंतू, हे डाव्याचे’ हे ओळखता येतं. १९८८ मध्ये मांजरीच्या गर्भात टेट्रोडोटॉक्सिन हे विद्युतसंदेश थांबवणारं विष सोडलं, तर दोन डोळ्यांचे तंतू वेगळे झालेच नाहीत. गंमत अशी की त्या तंतूंची वाढ खुंटली नाही. ते नेहमीपेक्षा मोठे आणि अस्ताव्यस्त पसरले. संदेशांचं काम खतपाण्याचं आहे असं बरेच जण समजतात, पण छाटणी हेही तितकंच मोठं काम आहे.

फांदी कशी टिकते ते बेडकाच्या पिल्लांत, म्हणजे टॅडपोलमध्ये, डोळ्यांनी पाहता आलं आहे. टॅडपोल पारदर्शक असतो, त्यामुळे जिवंत मेंदूतल्या एकाच पेशीची पुन्हा पुन्हा छायाचित्रं घेता येतात. २००२ च्या प्रयोगात आधी चार तास अंधार, मग चार तास हलता उजेड दाखवला. उजेडाच्या चार तासांत त्याच पेशीच्या वृक्षिका (संदेश घेणाऱ्या फांद्या) अंधारातल्यापेक्षा जास्त वाढल्या. एनएमडीए रिसेप्टर (पेशीवरचे संदेश पकडणारे एक प्रकारचे रेणू) औषधाने बंद केले तर ही जास्तीची वाढ झाली नाही.

वाढती वृक्षिका सतत बारीक कोंब बाहेर टाकत असते, आणि त्यातले बरेचसे काही मिनिटांत आत ओढले जातात. ज्या कोंबाला सिनॅप्स (दुसऱ्या पेशीशी सांधा) मिळतो आणि तो सिनॅप्स कामाला लागतो, तो टिकतो. ‘कामाला लागला’ हे ठरवतो एनएमडीए रिसेप्टर. त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच असतं. समोरच्या पेशीतून ग्लुटामेट (संदेश नेणारं रसायन) आलं आणि त्याच क्षणी ही पेशी आधीच उत्तेजित असली, तरच बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. एकट्यादुकट्या संदेशाने बूच निघत नाही. अनेक तंतू एका वेळी बोलले तर निघतं. भरपूर कॅल्शियम झटकन आलं तर सिनॅप्स बळकट होतो, पेशीचा अंतर्गत सांगाडा त्या बाजूला वाढतो आणि केंद्रकातली जनुकं जागी होऊन बीडीएनएफसारखी वाढीची प्रथिनं तयार होतात. थोडं कॅल्शियम रेंगाळत आलं तर उलट होतं: सिनॅप्स कमजोर पडतो आणि कोंब मागे जातो.

मोतीबिंदूच्या डोळ्यातून संदेश येतातच, पण विखुरलेले, कोणाचा कोणाशी मेळ नसलेले. रिसेप्टरच्या दृष्टीने ते दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यामुळे असा डोळा नुसता मागे पडत नाही, त्याच्या जोडण्या सक्रियपणे कमी केल्या जातात. पिल्लांत ऐन काळात एक डोळा आठवडाभर बंद ठेवला तरी त्याचे कॉर्टेक्समधले तंतू स्पष्ट आखडलेले दिसतात (१९९३ चं काम).

एकाच डोळ्यात मोतीबिंदू असेल तर जास्त घाई का, हेही यातूनच उलगडतं. कपाशी टोबताना एका ठिकाणी दोन दाणे पडले तर दोन्ही रोपं एकाच ओलीवर वाढतात. एक जोमाचं निघालं की दुसरं दबतं. कॉर्टेक्सच्या एकाच पेशीवर दोन्ही डोळ्यांचे तंतू असेच जागेसाठी भांडतात. १९६५ मध्ये दोन्ही डोळे बंद ठेवून पाहिलं, तर एक डोळा बंद ठेवल्यावर जेवढं नुकसान होतं त्यावरून वाटलं होतं तेवढं झालं नाही, कारण दोघेही सारखेच कमजोर होते.

माणसाच्या दृष्टिभागात सिनॅप्सची दाटी जन्मानंतर दोन ते चार महिन्यांत झपाट्याने वाढते, साधारण आठव्या महिन्याला सर्वाधिक होते आणि अकराव्या वर्षापर्यंत त्यातले सुमारे ४० टक्के कमी होतात. ‘थोडं अंगात भरू द्या’ म्हणून थांबलो तर नेमका तो वाढीचा काळ हातचा जातो.

नेत्र_वर्धा

वरचं सगळं धरून प्रत्यक्ष कामाचं लिहितो.

एका डोळ्याचा दाट मोतीबिंदू: चार ते सहा आठवड्यांदरम्यान ऑपरेशन. दोन्ही डोळ्यांचा: साधारण आठ आठवड्यांपर्यंत, त्यातही एकानंतर दुसरा लवकर. पहिल्या महिन्याच्या आत केलं तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो, म्हणून चार आठवड्यांची खालची मर्यादा. बाहुलीच्या मधोमध ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा, दाट ठिपका असेल तर ही घाई. कडेला लहान ठिपका असेल तर नुसतं लक्ष ठेवूनही चालतं, पण ते नेत्रतज्ज्ञाने ठरवायचं.

आता या आकड्यांपुढे आपलं वेळापत्रक ठेवून बघा. आशाताईंच्या एचबीएनसी भेटी (नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी) ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. (ही पद्धत आपल्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेच्या कामातून उभी राहिली.) शेवटची भेट आणि दीड महिन्याची लस, दोन्ही बरोबर सहाव्या आठवड्यात. म्हणजे लसीकरणाच्या दिवशी पांढरं दिसलं तर एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या बाळासाठी मुदत त्याच दिवशी संपत आली. डोळे बघायचे ते जन्मल्यावर दवाखान्यात आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी. प्रशिक्षणात हे ठासून सांगा.

रेड रिफ्लेक्स (झोत टाकल्यावर बाहुलीतून परतणारी लाल चमक बघणं) पीएचसीतच होतो, फक्त ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळा बघायचं उपकरण) चार्ज असावा. खोलीतला उजेड कमी करा, उपकरणाचं भिंगांचं चाक शून्यावर ठेवा, हातभर अंतरावरून (साधारण ४५ सेंमी) दोन्ही बाहुल्यांवर एका वेळी झोत टाका. बाळ पाजल्यावर, आईच्या खांद्यावर उभं धरलं की डोळे आपणहून उघडतं. पापण्या बोटांनी ताणू नका, त्याने ते आणखी मिटतं. दोन्हीकडे सारखी लालसर-नारिंगी चमक हवी. सावळ्या बाळांत ती जरा फिकट दिसते, त्यावरून घाबरू नये, दोन डोळ्यांत फरक आहे का ते बघावं. काळा डाग, पांढरी चमक, एकीकडे चमकच नाही, यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात पाठवा. पांढऱ्या बाहुलीमागे रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा कर्करोगही असू शकतो. त्यामुळे ‘मोतीबिंदूच असेल’ असं घरच्यांना आपण सांगू नये.

पाठवायचं कुठे? मोतीबिंदू शिबिरात नाव नोंदवून चालत नाही. ती शिबिरं आजी-आजोबांसाठी. तान्ह्या बाळाला भूल द्यायला त्यात अनुभवी भूलतज्ज्ञ लागतो, आणि शस्त्रक्रियाही वेगळी असते: भिंगामागचा पापुद्रा उघडून पुढचं थोडं व्हिट्रियसही (डोळ्यातला जेलीसारखा भाग) काढावं लागतं, नाहीतर काही आठवड्यांत तिथे पुन्हा जाळी धरते. आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकामार्फत जिल्ह्याच्या डीईआयसीला (मुलांवर लवकर उपचार करणारं जिल्हा केंद्र) पाठवलं की पुढचा रस्ता आणि खर्चाची बाजू दोन्ही मार्गी लागतात. भुलेची भीती घरच्यांनी बोलून दाखवली तर ती खोडून काढू नका. धोका असतो, म्हणूनच सोय असलेल्या ठिकाणी न्यायचं, असं सांगा.

गावात बिघडतं ते यानंतर. ‘ऑपरेशन झालं, आता मोकळं’ असं वाटतं आणि चष्मा फडताळात जातो. भिंग काढलेल्या तान्ह्या डोळ्याला +२० च्या आसपास, कधी त्याहून जास्त नंबर लागतो. चष्म्याविना पडद्यावर पुन्हा धूसरच उमटतं, म्हणजे मेंदूच्या लेखी मोतीबिंदू अजून आहेच. सात महिन्यांच्या आतल्या बाळांत कृत्रिम भिंग बसवून नजर काही जास्त चांगली झाली नाही, उलट पुन्हा ऑपरेशनं जास्त करावी लागली. म्हणून या वयात बहुधा चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स. शेतातली धूळ आणि हात धुवायच्या पाण्याची अडचण बघता खेड्यात चष्मा बरा. काड्यांऐवजी डोक्यामागून इलॅस्टिक पट्टा लावून घ्या. पहिल्या वर्षात डोळा भराभर वाढतो, म्हणून नंबर दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. जुनाच चष्मा वर्षभर चालवला तर पुन्हा धूसर.

एका डोळ्याचं ऑपरेशन असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. हिशोब सोपा: जितक्या महिन्यांचं बाळ, तितके तास रोज, आठ महिन्यांपर्यंत. तीन महिन्यांचं असेल तर तीन तास. आठ महिन्यांनंतर जागेपणीचा निम्मा वेळ. झोपेतले तास धरायचे नाहीत, आणि पट्टी असताना दुसऱ्या डोळ्यावर चष्मा असलाच पाहिजे. पट्टी आहे पण चष्मा नाही, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. त्यात दोन्ही डोळे उपाशी राहतात.

सीएचओ_दारव्हा

खूप आभार, दोघांचेही. आणखी दोन शंका. सवा महिना बाळ-बाळंतीण अंधाऱ्या खोलीत असतात, त्याने नजरेवर परिणाम होतो का? आणि मूल चार-पाच वर्षांचं होऊन आलं तर घरच्यांना काय सांगायचं? ‘उशीर झाला’ म्हटलं की ते कायमचे परत जातात.

मज्जाशास्त्र_नागपूर

खोलीत दिवसा आईचा चेहरा दिसण्याइतका उजेड असला तर काळजी नाही. अंधुक उजेडातही कडा दिसतात आणि पडदा निरोगी असेल तर संदेश मेळ साधूनच येतात. पूर्ण अंधारात वाढवलेल्या प्राण्यांतही जोडण्या घडण्याच्या त्या ठरावीक काळाचं दार लवकर मिटण्याऐवजी लांबतं. हे दार मिटवण्यात इतर पेशींना आवर घालणाऱ्या गाबा पेशींचा मोठा वाटा असतो, आणि त्यांची वाढही दिसण्यावर अवलंबून असते. सवा महिन्यातला खरा धोका वेगळा आहे: त्या खोलीत बाहुली कोणाला नीट दिसतच नाही. आशाताईंनी बाळाला दाराशी, खिडकीशी आणून बघावं. काजळ घातलेलं असेल तर ते घालू नका म्हणून तिथेच सांगावं.

उशिराबद्दल. २००५ पासून मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांचा ‘प्रोजेक्ट प्रकाश’ भारतात जन्मांध मुलांवर उपचार करून त्यांची नजर पुढे कशी घडते ते पाहतो आहे. वयाच्या आठ-दहा वर्षांनंतर ऑपरेशन झालेल्या मुलांनाही चेहरे, वस्तू, वाट ओळखण्याइतकं येत गेलं. बारीक अक्षरांची तीक्ष्ण नजर मात्र बहुधा येत नाही. त्यामुळे ‘आता उपयोग नाही’ असं कोणालाही सांगू नका. ‘वाचण्याइतकं कदाचित येणार नाही, चालण्या-फिरण्याइतकं येऊ शकतं, आणि आणखी उशीर केला तर तेही कमी होईल’ हे खरं आणि पुरेसं आहे.

वाक्_श्रवण_अमरावती

कानाचंही यात जोडून घ्या, कारण मूळ तेच आहे आणि फसवणूकही तशीच. ‘थाळी वाजवली की दचकते’ म्हणून ऐकू येतं असं धरतात. थाळीचा दणका बहिऱ्या बाळालाही जमिनीतून, हवेच्या झोतातून जाणवतो, आणि वाजवणारा हात तर दिसतोच. बोलणं समजायला लागणारे बारीक आवाज त्यातून तपासले जात नाहीत.

वेळापत्रक १-३-६: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि वाचा-उपचार सुरू. ओएई तपासणीत (कानात आवाज सोडून आतून परतणारा बारीक आवाज टिपतात) आतल्या कानाच्या बाहेरील केसपेशी कळतात, नस कळत नाही. म्हणून एसएनसीयूत (आजारी नवजातांच्या विशेष कक्षात) राहिलेल्या किंवा जास्त काविळीच्या बाळाचं ओएई ‘पास’ आलं तरी एबीआर (आवाजाला नस आणि मेंदूचा प्रतिसाद मोजणारी तपासणी) करून घ्यावं. जन्मजात बहिऱ्या मुलांत साडेतीन वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात बसवायचं यंत्र) झालं तर आवाजाला मेंदूचा प्रतिसाद वयाला साजेसा होतो, सात वर्षांनंतर केलं तर बहुधा होत नाही. खर्चासाठी एडिप ही (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची) योजना आहे, तिला वयाची अट आहे.

श्रवणयंत्र शिट्टी मारायला लागलं की घरचे ते बिघडलं समजून काढून ठेवतात. बहुतेक वेळा यंत्र चांगलं असतं, कान वाढल्यामुळे कानात बसणारा साचा सैल झालेला असतो. तान्ह्या बाळाला दर दोन-तीन महिन्यांनी नवा साचा लागतो. आणि मोतीबिंदूचं बाळ मिळालं की त्याचे कान आणि हृदय तपासायला विसरू नका. गरोदरपणात आईला रुबेला झाला असेल तर तिन्ही एकत्र सापडतात.

सीएचओ_दारव्हा

कानाचं प्रशिक्षणात नव्हतंच, घालतो. नेत्र_वर्धा भाऊ, एक राहिलं: उन्हाळ्यात आपल्याकडे पट्टी घामाने तासाभरात सुटते, आणि काढताना कातडी लाल होते. मग आई पट्टीच सोडून देते. काय करावं?

नेत्र_वर्धा

तास सलग नसले तरी चालतात. मे महिन्यात सकाळी सातपासून दहा-अकरापर्यंत जमेल तेवढे उरका, उरलेले संध्याकाळी ऊन उतरल्यावर. लावण्याआधी कपाळ-गाल ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करा, तेल किंवा पावडर राहिली तर चिकटत नाही. काढताना कड पाण्याने भिजवून हळूहळू सोडवा. रोज चिकटण्याची जागा थोडी सरकवा. कातडी सोललीच तर दोन दिवस पट्टी चष्म्याच्या काचेवर आतून लावा, पण बाळ वरून-बाजूने डोकावणार नाही एवढी कडेपर्यंत. नुसता कापडी बोळा आणि सुती दोरी नको, ती सरकते आणि फटीतून चांगला डोळाच काम करतो.

आणि तास वाढवायचे ते नेत्रतज्ज्ञाला विचारूनच. एखादा बाप हौसेने दिवसभर पट्टी ठेवतो, मग चांगला डोळाच मागे पडायला लागतो. दर तपासणीला दोन्ही डोळ्यांची नजर बघतात ती त्यासाठीच. तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून ठेवा, वेगळी चिठ्ठी हरवते.